आप्पांच्या बाजेवरची सरकी

पान हातात आलं की आधी उजेडाकडे धरायचं, ही माझी खोड अजून गेलेली नाही. परवा सुनेनं वड्यांसाठी अळूची पानं आणली. मी एकेक पान खिडकीशी नेऊन उलटंपालटं बघायला लागलो, तशा आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, वड्या करायच्यात. पंचनामा नकोय!" आता हिला काय सांगायचं? उभी नोकरी पानं बघण्यात गेली. लोक माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, मी पानं ठेवायचो. अमक्या गावच्या पाटलाचं नाव विचाराल तर डोकं खाजवीन, पण त्याच्या मिरचीवर कसले ठिपके होते ते लगेच सांगेन.

शेतकी खात्यात मी फिल्डमन होतो. हुद्दा ऐकायला बरा, काम म्हणजे पायपीट. बिऱ्हाड नंदुरबारला आणि फिरती विसरवाडीपासून खापरच्या बाजारापर्यंत, वर धडगावच्या डोंगरातसुद्धा. पिकावर रोग दिसला की पानं तोडायची, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, वर गाव, शेत आणि पिकाची जात लिहायची आणि पुण्याला आमच्या साहेबांकडे टपालानं धाडायची. पोस्टातले बाबू माझं पुडकं दिसलं की नाकाला रुमाल लावायचे. गावात शिरलो की आरोळी व्हायची, "ऊना रे रोगवाला भाऊ!" खापरच्या बाजारात एकानं तर हे नाव ऐकून आजारी म्हैसच पुढ्यात आणून उभी केली. मी हात जोडून म्हटलं, बाबा रे, मी पाल्याचा माणूस आहे. तो म्हणाला, "मंग पालाच खाईसन आजारी पडनी ना ती!" म्हशीची जीभ बघून मी पुढे निघालो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. आप्पांची गोष्ट नेता येत नाही, आणि इतकी वर्षं मी ती कुठे लिहिलेली नाही. गावाचं नाव देत नाही. तापीकाठचं आहे एवढं पुरे. आप्पांची नातवंडं अजून तिथे शेती करतात.

आधी रोग सांगतो. कपाशीच्या पानावर शिरांच्या मधोमध पाणी भरल्यासारखे कोनाकोनाचे ठिपके पडतात. पान उजेडाकडे धरलं की ते तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखे आरपार दिसतात. मग ते काळे होतात, शिरांवरून पसरतात, देठात उतरतात, फांदी काळी पडून मोडते. आम्ही त्याला काळा करपा म्हणायचो. हा बुरशीचा रोग नाही, जंतूंचा. साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी पानाचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवलेला बघितलाय. त्याच्या कडेतून दुधासारखी धार निघते. ती सगळी जंतूंची! आणि हे जंतू सरकीला, म्हणजे कपाशीच्या बीला, चिकटून दुसऱ्या वर्षी परत शेतात येतात. माझी खरी भीती तीच होती. पान जळालं तर एका शेताचं नुकसान. बी बिघडलं तर गावच्या गाव जातं.

साहेबांनी माझ्या पुडक्यांतून आणखी एक गोष्ट शोधली होती. ठिकठिकाणच्या पानांतले जंतू त्यांनी काचेच्या नळ्यांत वाढवले. दिसायला सगळे सारखे, पिवळे, चिकट. पण निरोगी रोपांवर फवारले की एका गावचे जंतू टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पाडून थांबायचे आणि दुसऱ्या गावचे आख्खं रोप काळं करून सोडायचे. साहेब म्हणायचे, "रोगाचं नाव एक, घराणी अनेक. कोणतं घराणं आलंय ते ओळखायचं, तीच तुमची नोकरी." मला हे ऐकून अभिमान वाटायचा आणि भीतीही.

आता आप्पा. लढाईची वर्षं होती. खात्यानं लांब धाग्याची नवी विलायती कपाशी आणली होती, आणि तिचं बी तयार करायला आप्पांची जमीन निवडली होती. आप्पा म्हणजे ताठ कण्याचा, कमी बोलणारा माणूस. गावात त्यांचा एक मान होता. सरकी लोकरीसारखी गुंतलेली असते, पेरायच्या तिफणीच्या चाड्यातून एकेक सुटी पडत नाही. म्हणून पेरणीआधी घट्ट विणलेल्या बाजेवर ती टाकून शेणमातीच्या काल्यात हातांनी घोळतात. गुळगुळीत झालेली बी विणीतून खाली पडते. त्या गावात पहिली सरकी आप्पांच्या बाजेवर घोळायची अशी रीत होती. बाकीचे आपापल्या टोपल्या घेऊन त्यांच्या अंगणात यायचे आणि सगळ्या गावाची सरकी त्या एका बाजेवरून जायची. आप्पांचा हात लागला की बी लागतं, असं लोक मानायचे. मी बाहेरचा, पण मलाही ते खरं वाटायचं. फिरतीवर त्या गावी गेलो की मी त्यांच्याकडेच जेवायचो.

त्या वर्षी वेचणी संपत आली असताना मी त्यांच्या शेतात पान उजेडाला धरलं. कोनाचे ठिपके. थोडेच होते, पण होते.

"भाऊ, काय दिखस?" आप्पांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. रोग आहे, पण कमजोर घराण्याचा की जोरकस, हे नुसतं बघून कळत नाही. कमजोर असेल तर बी वाटायला हरकत नाही. जोरकस असेल तर हे सगळं बी गुरांच्या पुढ्यात टाकायचं.

आप्पांनी माझ्या हातातलं पान घेऊन स्वतः उजेडाला धरलं. मग म्हणाले, "मन्ही बाजवर सारं गाव सरकी घोयस. तू म्हनशी तं वाटसू. तू म्हनशी तं ढोरेस्ले चारी टाकसू. पन नक्की सांगजो, भाऊ."

नक्की सांगजो! त्या दोन शब्दांनी पुढचे दोन महिने मला धड झोप लागू दिली नाही. मी पानं पुण्याला धाडली. साहेबांचं उत्तर आलं: लढाईमुळे त्यांना दुसऱ्या कामावर घेतलंय, प्रयोगशाळा जवळजवळ बंद आहे, तेव्हा परीक्षा तुम्हीच करा. निरोगी रोपं वाढवा, रोगट पानांचा रस पाण्यात कालवून फवारा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि बघा. बारीक ठिपके पडून थांबले तर कमजोर. 'निरोगी' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

आता निरोगी रोपं आणायची कुठून? खाली तापीकाठी जिथे जावं तिथे थोडा तरी करपा दिसत होता. त्या सरकीतून उगवलेलं रोप आधीच बाधलेलं असलं, तर ठिपके फवाऱ्यानं पडले की बीनं आणले, कसं कळणार? विचार करकरून डोकं शिणलं आणि मग एकदम सुचलं. डोंगर! धडगावच्या वर एका पाड्यावर दित्या नावाचा एक पावरा आदिवासी म्हातारा राहायचा. त्याच्या उतारावरच्या कपाशीत मी कधी काळं पान पाहिलं नव्हतं. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दर वर्षी 'रोग नाही' असंच लिहिलेलं होतं. मी स्वतःवरच खूश झालो. घाट चढून गेलो, पाय सुजले, पण गेलो.

दित्यानं चुलीवरच्या धुरात टांगलेली तुंबडी काढली आणि ओंजळभर सरकी माझ्या रुमालात ओतली. त्याची बोली मला अर्धीच कळायची, म्हणून तो माझ्याशी मोडकी मराठी बोलायचा. मी विचारलं, तुझ्या कापसाला रोग कसा येत नाही रे? तो हसला. म्हणाला, "येतो ना साहेब. रोग येतो, बघतो, जातो. आमचा कापूस मरत नाय."

मी हसलो आणि पाठ फिरवली. अरे, त्या म्हाताऱ्यानं सगळं सांगून टाकलं होतं! मी वही काढून लिहून घ्यायला हवं होतं. पण वहीत आपण साहेबांचं लिहितो, दित्याचं कुठे लिहितो?

नंदुरबारला बिऱ्हाडामागे मी मातीच्या कुंड्यांत ती सरकी लावली. रोपं आली, टवटवीत. आप्पांच्या शेतातल्या पानांचा रस काढला, गाळला, फवारला. हात तीनतीनदा साबणानं धुतले, धोतरसुद्धा वेगळं ठेवलं. हिनं विचारलं, "देवीची साथ आलीय का काय?" मग रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं. पहिले काही दिवस काहीच नाही. आप्पांकडून निरोपावर निरोप: जिनात कापूस काढून सरकी परत आली, वेगळी ठेवलीय, काय करू? एका सकाळी ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे. मी भिंग लावून मोजले, पुसटशी पेन्सिल फिरवून त्यांच्या कडा आखल्या, म्हणजे वाढले तर कळतील. दुसऱ्या दिवशी तेवढेच. तिसऱ्या दिवशी तेवढेच. आठवडा गेला, ठिपके रेघेच्या बाहेर आले नाहीत.

कमजोर! मी अक्षरशः कुंड्यांसमोर बसकण मारली. साहेबांना पत्र टाकलं, वरून मंजुरी आली आणि मी सरळ आप्पांचं अंगण गाठलं.

"वाटा," मी म्हटलं. "नक्की सांगतो."

"आते मन्हा जीव भांडामा पडना," आप्पा म्हणाले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळं हसले. खिशात दित्याची मूठभर सरकी उरली होती. डोंगरातली आठवण म्हणून मी ती आप्पांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बांधाच्या कडेला टोचायची म्हणून कोनाड्यात ठेवली.

पेरणीच्या आधी बाज निघाली तेव्हा मी होतो. सगळं गाव अंगणात. त्या वर्षी नव्या कपाशीची हौस होती, जवळजवळ प्रत्येकानं आप्पांचं बी घेतलं. कोपरापर्यंत शेणानं माखलेले हात, थट्टामस्करी, बाजेखाली पडणाऱ्या बियांचा आवाज. आप्पा पहिली ओंजळ घोळत होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात काहीतरी कुरतडत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

श्रावण लागला आणि सापडलं. ढगाळ दिवस, रिपरिप, आणि कपाशी काळी पडायला लागली. आधी पानं, मग देठ, मग फांद्या. मी रोज एक शेत बघायचो आणि रोज स्वतःची समजूत घालायचो: पाऊस जास्त झाला, पाणी साचलं, दुसरंच काहीतरी असेल. शेवटी आप्पांच्या शेतात गेलो. तेही तसंच, काळंठिक्कर. आप्पांनी मला बांधाकडे नेलं. तिथे दहाबारा झाडं उभी होती, हिरवीगार, फुलांवर आलेली.

"भाऊ, हाई झाडं हिरवी कशी काय ऱ्हायनी?"

मी एक पान तोडून उजेडाला धरलं. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. माझ्या कुंड्यांत होते तसेच, अगदी तेवढेच. शेजारी हातभर अंतरावर तोच रोग नव्या कपाशीला खाऊन टाकत होता आणि इथे नुसता बघून गेला होता. जंतू कमजोर नव्हते. दित्याची कपाशी चिवट होती. मी रोगाची परीक्षा घेतलीच नव्हती, मी दित्याच्या झाडांची घेतली होती. जिथे कधी रोग पडत नाही तिथलं बी निवडलं म्हणून मी खूश झालो होतो, आणि नेमकं तेच बी निवडायचं नव्हतं. नव्या जातीची निरोगी सरकी दुसऱ्या प्रांतातून मागवायला हवी होती. वेळ लागला असता, एवढंच.

हे सगळं मला तिथे, त्या बांधावर, एका क्षणात कळलं. आणि मी आप्पांना म्हटलं, "बघावं लागेल."

बघावं लागेल! काय बघायचं राहिलं होतं?

मी साहेबांना सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. त्यांचं उत्तर आलं ते आनंदानं भरलेलं. तुमच्या चुकीनं मोठी गोष्ट दाखवली, रोगाचा जोर एकट्या जंतूत नसतो, झाडावरही ठरतो, त्या डोंगरी कपाशीचं बी ताबडतोब पाठवा. माझ्या चुकीला पुण्यात शाबासकी मिळाली. आणि इथल्या वरिष्ठांनी बोलावून बजावलं, "गावात वाच्यता नको. लोक खात्याचं बी परत हातात धरणार नाहीत." मी मान हलवली. खरं सांगतो, मला आतून सुटल्यासारखं वाटलं. वरिष्ठांचा हुकूम होता, मी काय करणार?

इकडे गावानं आपला निकाल लावला होता. आप्पांच्या बांधावरची ती हिरवी झाडं सगळ्यांनी बघितली होती. म्हणे, आप्पांनी चांगलं बी स्वतःला ठेवलं आणि सडकं गावाला वाटलं. स्वतःचं शेत काळं झालं त्याचं काय, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं: ते दाखवायला. म्हणजे मी प्रेमानं दिलेली मूठभर सरकी आप्पांच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली. आप्पांनी ती झाडं उपटली असती तर बोलणं थांबलं असतं. त्यांनी उपटली नाहीत. "भाऊ बघी ऱ्हायना," एवढंच ते घरच्यांना म्हणत. भाऊ बघतोय म्हणे. भाऊ त्या गावाकडची फिरतीच टाळत होता.

वर्ष गेलं. पुढच्या पेरणीचे दिवस आले आणि मला राहवेना. कामाचं निमित्त नव्हतं, तरी गेलो. आप्पांच्या अंगणात बाज मांडलेली होती. शेणमातीचा काला कालवून तयार. अंगणाचं दार सताड उघडं. आप्पा एकटेच बाजेशी उकिडवे बसले होते, आणि गल्लीतून लोक टोपल्या घेऊन दुसऱ्या एका घराकडे चालले होते.

मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. कुंड्या, दित्या, ठिपके, सगळं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुले कव्हय कयनं हाई?"

"तुम्ही बांधावरची झाडं दाखवलीत तेव्हाच."

"म्हंजे साल व्हई गयं," आप्पा म्हणाले. मग काला हलवत म्हणाले, "माले नको सांगू. गावले सांग."

मी गेलो. चावडीवर माणसं होती. उभा राहिलो आणि बोललो. चूक माझी, बी वाटा असं मी सांगितलं, आप्पा पुन्हापुन्हा विचारत होते, त्यांचा काडीचा दोष नाही. नोकरी गेली तर गेली म्हणून सगळं बोललो. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "आप्पाना घरनं मीठ खायेल शे. दुसरं काय बोली तो!" दोघंतिघं हसले. एकानं मला पाणी दिलं, वर म्हणाला, भाऊ, तुम्ही भले माणूस. मी शपथ घेतली तेव्हा ते आणखीच समजुतीनं मान हलवायला लागले. श्रावणात हेच बोललो असतो तर मला चावडीवरून हाकलून दिलं असतं, आणि आप्पा सुटले असते. आता माझं खरं बोलणं त्यांना उपकाराची फेड वाटत होतं.

परत अंगणात आलो. माझ्या तोंडावरूनच आप्पांनी काय ते ओळखलं. ते आत गेले आणि एक लहानशी पुरचुंडी घेऊन आले. बांधावरच्या झाडांची बोंडं त्यांनी जपून वेचली होती, सरकी हातांनी काढली होती. सगळ्या गावाची सरकी जिच्यावरून जायची त्या बाजेवर त्यांनी ती ओतली. दोन ओंजळीसुद्धा भरली नाही. मी बाह्या मागे सारल्या आणि समोर बसलो. काला टाकला, आम्ही घोळायला लागलो. मी अगदी हलक्या हातानं घोळत होतो. बी चुरडेल की काय अशी भीती वाटत होती, आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आप्पा म्हणाले, "जोरबन घोय रे भाऊ. सरकी शे, पान नही."

घोळून घोळून किती वेळ घोळणार? मूठभर तर होती. बाजेखाली पडलेल्या बिया आप्पांनी वेचून पाटीत घातल्या. मग बाज न उचलता, काला न झाकता, ते उघड्या दाराकडे तोंड करून बसून राहिले. मीही बसलो. उन्हं उतरेपर्यंत बसलो होतो.